दोन बोटं कागद

पेरिन तिथे नव्हती. आन्सेल्म व्होत्रेलने आधी डोळे चोळले, मग चष्मा काढून बाहीला पुसला, पुन्हा नाकावर चढवला आणि कागदाच्या डाव्या कडेकडे इतका वाकला की नाक भिंतीला टेकायचंच बाकी राहिलं. पडकं देऊळ होतं. देवळाचे सहा खांब होते, तिसरा मधोमध चिरलेला, पाचव्याच्या डोक्यावर झुडूप उगवलेलं. कमानीखालून दिसणारं आभाळ होतं. नऊ वर्षांपूर्वी लाल खडूची जी रेघ त्याने जिथे ओढली होती ती तिथेच होती. त्या चित्रात पायऱ्या डावीकडे उतरत जायच्या आणि सगळ्यात खालच्या पायरीवर पेरिन बसलेली असायची. आता पायऱ्या उतरत जात होत्या आणि मधेच संपत होत्या. त्यापुढे सोनेरी वर्खाची बारीक पट्टी, तिच्यापुढे निळ्या रंगाचा पातळ थर, मग काळी रेघ, मग चौकट. कुणीतरी कागद कापला होता. फार नाही, दोन बोटं.

मिठाच्या कराचा मक्तेदार मोस्यो द सेर्वाल जानेवारीत वारला आणि त्याच्या वारसांनी वर्ष सरायची वाट न बघता घरातलं सगळं विकायला काढलं. सेंत-ओनोरे रस्त्यावरच्या या दालनात लिलावाआधी तीन दिवस कुणीही यावं आणि बघून जावं, असं भिंतीभिंतीवर छापून लावलं होतं. आन्सेल्मने ते आठवड्यापूर्वी वाचलं आणि त्या दिवसापासून त्याला झोप अशी लागली नव्हती. आज तो दाढी करून, काळा कोट झटकून, खिशात पेन्सिलीचा तुकडा आणि तळहाताएवढा कागद घेऊन आला होता. त्याला काही विकत घ्यायचं नव्हतं. त्याला त्याच्या बायकोचा चेहरा उतरवून न्यायचा होता. पेरिन जाऊन तीन हिवाळे झाले होते. पहिल्या हिवाळ्यात ती त्याला उघड्या डोळ्यांनी दिसायची, सूप ढवळताना, बूट घालताना, कुठेही. दुसऱ्या हिवाळ्यात डोळे मिटावे लागायचे. या हिवाळ्यात त्याने डोळे मिटले आणि समोर आली ती गोल टोपी, दोन ठिपक्यांचे डोळे, काखेत बोचकं. त्याचा हात गेली तीस वर्षं खांबांच्या पायथ्याशी जी परटीण काढत आला होता ती. चेहरा नव्हताच. त्या दिवशी तो बिछान्यात उठून बसला आणि त्याला दरदरून घाम फुटला. साऱ्या दुनियेत तिचा खरा चेहरा एकाच कागदावर होता, आणि तो कागद मक्तेदाराच्या भिंतीवर होता. आणि आता तो भिंतीवर समोर होता आणि चेहरा नव्हता.

शेजारी एक गृहस्थ उभे होते. पोपटी कोट, केसांना पावडर, हातात काठी, आणि दंडाला धरलेली एक बाई. "ही जागा मी पाहिलीय," ते बाईला सांगत होते. "अगदी याच पायऱ्यांवर बसून मी खरबूज खाल्लंय. काय ती हवा! इथे मागे एक झरा आहे, तो यांनी दाखवला नाही." बाई म्हणाल्या, "अय्या, खरंच?" आन्सेल्मच्या तळपायाची आग मस्तकात गेली. झरा! ही जागा जगात कुठेच नव्हती. ती सेंत-झाकच्या वस्तीतल्या पाचव्या मजल्यावर, एका उताराच्या छताखाली, डगमगत्या टेबलावर जन्मली होती, आणि जिने ती जन्मताना पाहिली होती त्या एकुलत्या एक बाईला कापून टाकून हे नाकाने कांदे सोलणारे तिथे खरबूज खाऊन आले होते. "कापलंय हे," तो म्हणाला. कुणी ऐकलं नाही. "कापलंय!" तो ओरडला. दारातला पिवळ्या वर्दीतला माणूस लगबगीने आला. "मोस्यो, काय कापलंय?" "माझी बायको!" आन्सेल्म म्हणाला, आणि दालनभर बायकांच्या हातांतले पंखे हलायचे थांबले. पोपटी कोटवाल्याने बाईला जरा मागे ओढलं. वर्दीवाल्याने त्याच्या कोपराला हात घातला, तो आन्सेल्मने झटकला. "धरू नकोस. मला जिना दिसतो."

रस्त्यावर आला तरी कान तापलेले होते. बोचरं ऊन पडलं होतं, गाड्यांच्या चाकांनी चिखल उडत होता, आणि त्याच्या डोक्यात एकच नाव होतं: पूशार. जेरोम पूशार, चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवून त्यांना रेघा आणि सोनेरी पट्ट्या करून देणारा. पॅरिसमधल्या निम्म्या शौकिनांचे कागद त्याच्या हाताखालून जायचे. त्याच्याशिवाय हे कुणी केलेलं असणं शक्यच नव्हतं. निळ्या रंगावरची ती काळी रेघ त्याचीच. कातडी सोलून काढीन त्याची, आन्सेल्म मनात म्हणाला, सरस उकळतो त्या भांड्यात त्याचं डोकं बुडवीन. एका कोळशेवाल्याला धक्का लागला, त्याने आईवरून शिवी घातली, आन्सेल्मने त्याला दोन परत केल्या आणि जरा बरं वाटलं. पुलावर आला तेव्हा खाली नदीत धोबिणींच्या होड्या नेहमीसारख्या दोरांनी बांधलेल्या होत्या, ओळीने वाकलेल्या पाठी, आणि ओल्या कापडावर लाकडी थाप्यांचा धपधप आवाज. दुसऱ्या होडीत, काठाकडून चौथी जागा पेरिनची. तिथे आता लाल हातांची कुणी पोरगी बडवत होती. त्याने मान वळवली आणि पाय उचलला.

आन्सेल्मने रोम पाहिलं नव्हतं. फोंतेनब्लोच्या पलीकडे तो कधी गेलाच नव्हता. तरुणपणी अकादमीच्या बक्षिसाला बसला होता. ते ज्याला मिळालं तो सरकारी खर्चाने इटलीत जाऊन आला, ताप घेऊन आला आणि मेला, आणि आन्सेल्म इथेच राहून रोम काढायला लागला. सुरुवातीला दुसऱ्यांच्या छापील चित्रांवरून, मग त्याचीही गरज उरली नाही. शिळा पाव मोडला की आत कमानी दिसतात. चीजची वडी दोन दिवस उघडी ठेवली की तिला पडक्या भिंतीचा रंग येतो. समोरच्या घराचं धुरकटलेलं धुराडं घ्यावं, त्याला चार चिरा पाडाव्यात, वर गवत लावावं, झाला सम्राटाचा महाल. लोकांना मोडकं हवं होतं. आणि ते स्वच्छ, लांबचं, कुणाच्या डोक्यावर न कोसळणारं हवं होतं. पेरिनला याचं भारी हसू यायचं. ओल्या स्कर्टने ती त्याच्या खांद्यामागे उभी राहायची. "अरे, तुझ्या रोममध्ये पाऊस पडत नाही का रे? एवढं छप्पर उडालंय, एक कौल नाही बदलत कुणी?" किंवा, "ही बया कपडे धुतेय, ते ठीक. पाणी कुठाय? थुंकून धुते का?" किंवा त्याच्या हातातली पेन्सिलच काढून घ्यायची. "असा पीळ देतात होय? या हाताने असं पिळलं तर मनगट निखळेल तिचं. बघ. असं." आणि ती त्याच्याच शर्टाची बाही पिळून दाखवायची. तो म्हणायचा, "अगं, ती परटीण नाही. ते माप आहे. माणूस बोटाएवढा काढला की खांब आपोआप आभाळाला भिडतो." त्यावर ती म्हणायची, "बरं बाबा. मग मापाला पगार किती?" आणि कोपर चोळत चुलीकडे जायची. ते कोपर. उजव्या तळव्याने डावं कोपर चोळायची तिची सवय. हात आठवत होते, कोपर आठवत होतं, राखेच्या पाण्याने चिरलेली बोटं आठवत होती, टोपीखालून निसटलेली बट आठवत होती. मधला भाग गेला होता.

तो कागदही असाच झाला होता. रविवार होता, दुपार, घरात कोबीच्या सुपाचा वास. खांब झाले होते, पायऱ्या झाल्या होत्या, खालची पायरी रिकामी होती. पेरिन आली, टोपली दारात ठेवली आणि जिना चढून दम लागला म्हणून बिछान्याच्या कडेवर टेकली. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं, तळवा कोपरावर. चोळायचीही ताकद नव्हती, तळवा नुसता ठेवलेला. आन्सेल्मचा हात आपसूक चालला. एरवी तिची टोपी काढायला त्याला चार रेघा लागायच्या. त्या दिवशी त्याने दोन तास घेतले, आणि ते दोन तास ती बसल्या बसल्या झोपली होती. बोटाएवढीच काढली, पण आख्खी काढली: पापण्यांवरची सूज, खालच्या ओठाची चीर, एकीकडे जरा ओढलेलं नाक. जागी झाली तेव्हा म्हणाली, "काय करतोयस?" "काही नाही. पायरी रिकामी होती." "दाखव." त्याने दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. "मी अशी दिसते?" "अशीच दिसतेस." ती आणखी थोडा वेळ बघत राहिली. मग कागद त्याच्या हातात देत म्हणाली, "ठेव ते." त्याने कागद बाजूला ठेवला आणि सूप प्यायला बसला.

पुढच्या महिन्यात द सेर्वालचा कारभारी आला. मालकांना दोन पडक्या देवळांची जोडी हवी होती, शेकोटीच्या दोन्ही बाजूंना लावायला, एकातल्या पायऱ्या डावीकडे उतरलेल्या, दुसऱ्यातल्या उजवीकडे. डावीकडचं तयारच होतं. आन्सेल्मने उजवीकडचं आठ दिवसांत केलं आणि दोन्ही देऊन टाकली. देऊ नये असं त्याच्या मनातही आलं नाही. का यावं? ती चुलीपाशी धडधाकट उभी होती, तिच्याकडे बघायला कागद कशाला हवा होता? रात्रीच्या जेवणाला त्याने सांगितलं, अगदी छाती फुगवून सांगितलं. पेरिन म्हणाली, "अहो मोस्यो व्होत्रेल, अभिनंदन." ती रागावली की त्याला अहो-जाहो करायची. ते त्याच्या ध्यानात आलं होतं. त्याला वाटलं होतं, ओले बूट घरात आणले म्हणून रागावली असेल. आता पुलावरून उतरताना त्याने स्वतःशीच दात ओठ खाल्ले. मूर्खा, बूट! पण तो राग त्याने गिळून टाकला. आज राग त्याला पूशारसाठी हवा होता, आख्खा.

पूशारच्या दुकानात नेहमीसारखा सरसाचा वास होता. सत्तरीचा, फोपशा, शांत माणूस. बोटांना कायम वर्खाचे कण चिकटलेले. त्याने मान वर केली आणि त्याचं तोंड हसरं झालं. "या या, मोस्यो व्होत्रेल! किती दिवसांनी! काय बसवायचंय?"

"माझी बायको कापलीस तू," आन्सेल्म म्हणाला.

"आधी दार लावा. वाऱ्याने वर्ख उडतो."

"उडू दे! हलकटा, द सेर्वालच्या जोडीतली डावी बाजू कापलीस. दोन बोटं. बघून आलो आत्ता. तुझा तो भिकार निळा रंग तिच्या जागी बसलाय. कुणी सांगितलं तुला? कुणाच्या बापाचा कागद होता तो?"

पूशारने उठून स्वतःच दार लावलं. परत येऊन बसला, हातातला कुंचला धुतला, फडक्याला पुसला. घाई नाही. "नऊ वर्षांपूर्वीचं काम," तो म्हणाला, "आणि भांडायला आज आलात. वरातीमागून घोडं. बसा."

"बसत नाही."

"बसा म्हणतो. ही उभ्याने ऐकायची गोष्ट नाही."

आन्सेल्म बसला नाही. पूशार त्याच्याकडे न बघता बोलायला लागला. "जोडी म्हणजे जोडी, हे तुम्हाला मी काय सांगायचं. शेकोटीच्या दोन बाजूंना एक रुंद, एक अरुंद लावली तर घरात शिरणारा प्रत्येक जण मला शिव्या देणार. तुमचा डावा कागद दोन बोटं जास्त होता. मी काय करणार होतो? एक बोट इकडून, एक तिकडून. परटीण वाचली असती. पट्टी लावून बसलो होतो, एवढ्यात तुमच्या मालकीणबाई आल्या, माझे शर्ट घेऊन. टोपली ठेवली आणि कागद पाहिला. म्हणाल्या, 'हे इथे कसं?' मी म्हटलं, द सेर्वालकडे चाललंय, पुढच्या दालनात लागणार, मान आहे तुमचा. मग म्हणाल्या, 'मी त्याला ठेव म्हटलं होतं.'"

"ठेव म्हणजे..." आन्सेल्म म्हणाला.

"मला काय माहीत काय म्हणजे. त्या म्हणाल्या, 'त्या घरच्या चादरी मी धुते, मोस्यो पूशार. मागच्या दाराने जाते, मागच्या दाराने येते. कारभारीण मोज्यांची जोडी मोजून घेते माझ्याकडून. आणि पुढच्या दालनात मला अशी टांगायची? झोपलेली, तोंड उघडं टाकून? कुणी विचारलं मला? कापा. दोन्ही बोटं डावीकडूनच कापा.' मी म्हटलं, बाई, तो माणूस माझी मान कापेल. तर हसल्या. म्हणाल्या, 'त्याला कळणारच नाही.'"

"खोटं बोलतोस."

"मीही त्यांना हेच म्हटलं. नवरा चित्रकार, स्वतःच्या हाताने काढलेली स्वतःची बायको, आणि कळणार नाही? मग पैज लागली. तुम्हाला कळलं तर महिनाभर माझे शर्ट फुकट. नाही कळलं तर मी त्यांना एक बदक द्यायचं, कोपऱ्यावरच्या भट्टीवाल्याकडचं, भाजलेलं, रसासकट." पूशारने आता त्याच्याकडे पाहिलं. "शनिवारी तुम्ही आलात. दोन्ही चौकटी उचलून खिडकीपाशी नेल्यात, हात लांब करून बघितल्यात, जवळ घेऊन बघितल्यात. मी इथेच बसलो होतो, जीव मुठीत धरून. आता हा मला मारतोय, म्हटलं. काय म्हणालात तुम्ही, आठवतंय?"

आन्सेल्मला आठवत होतं. निळा जरा गडद झालाय, असं तो म्हणाला होता.

भिंतीवरच्या कपाटात रंगीत पुठ्ठे उभे रचलेले होते. त्यांच्या कडांकडे आन्सेल्म पाहत राहिला. "ते कातरण कुठाय?" त्याने विचारलं. पूशार म्हणाला, "त्या घेऊन गेल्या. टोपलीत, कपड्यांच्या खाली. घरात असेल, बघा." पण घरात नव्हतं. ती गेल्यावर तिचं सगळं त्यानेच आवरलं होतं: दोन स्कर्ट, एक शाल, जपमाळ, सुयांची डबी. गादीसुद्धा त्याने उसवली होती, आतली लोकर पिंजायला द्यायची म्हणून. कागदाचा कपटा नव्हता. चुलीत घातला असणार, नाहीतर नदीत. "नऊ वर्षं," तो म्हणाला, "नऊ वर्षं तू दर वेळी मला बसा म्हणतोस, वाइन पाजतोस, आणि एक शब्द नाही?" "शपथ घातली होती त्यांनी," पूशार म्हणाला. "त्याने विचारलं तर सांगा, म्हणाल्या. विचारलं तरच. दर वेळी वाटायचं, आज विचारतील." त्याने फडकं घडी करून ठेवलं. "बदक मात्र मी त्याच दिवशी दिलं. पैज ती पैज."

दुकानातून बाहेर पडताना त्याने दार उघडंच टाकलं. मागे वर्ख उडाला असेल तर उडो. तो चालत होता, कुठून ते त्याला कळत नव्हतं, आणि राग आता कुणावर काढायचा तेच समजेना. पूशारवर? पूशारने दोन बोटं कापली, तीही तिच्या शब्दाने. द सेर्वालवर? तो मेला होता, आणि जिवंत असता तरी त्याने परटीण आहे की नाही हे बघितलंच नसतं. रस्त्यातला एक दगड त्याने लाथेने उडवला, तो एका भाजीवालीच्या टोपलीला लागला, ती म्हणाली, "आजोबा, घरी जाऊन बायकोवर काढा राग!" आन्सेल्म जागच्या जागी थांबला. भाजीवाली घाबरून दोन पावलं मागे सरली. पण तो तिच्याकडे बघतच नव्हता. त्याला बदक दिसत होतं.

बदक! देवा रे, बदक. ते त्यानेच खाल्लं होतं. शनिवार, संध्याकाळ, खिडकी उघडी होती. टेबलावर मातीच्या ताटलीत आख्खं बदक, कातडी करपून कुरकुरीत झालेली, खाली चरबीचा रस. असं त्यांच्या घरात लग्नानंतर दोनदाच झालं असेल. "हे कुठून?" "मिळालं." "कुणी दिलं?" "देणाऱ्याने दिलं. खा." आणि तो खात सुटला होता. पावाने रस पुसून पुसून. ती खात नव्हती. दोन्ही कोपरं टेबलावर टेकून, हनुवटी मुठींवर ठेवून समोर बसली होती. "पूशारकडे गेला होतास ना आज? कशी झाली जोडी?" "छान झाली." "नीट बघितलीस?" "बघितली तर. निळा जरा गडद झालाय." "बाकी सगळं आहे जागच्या जागी?" "सगळं आहे," तो घास चावत म्हणाला होता, "सगळं." तेव्हा ती हसली होती. मोठ्याने हसली होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि तोही हसला होता, का ते न कळता, तोंडात बदक. मग तिने तंगडी मोडून त्याच्या ताटात टाकली. "घ्या, मोस्यो व्होत्रेल. ही पण तुमचीच."

पाच मजले तो एका दमात चढला. खोलीत शिरला, दार आपटलं, टोपी फेकली. टेबलावर अर्धवट देऊळ पडलं होतं, पुढच्या गिऱ्हाइकाचं. त्याने ते उचलून चुरगाळलं, पण त्याचं काय करायचं ते सुचेना म्हणून तसंच परत ठेवलं. "खायला घातलंस!" तो म्हणाला. आधी हळू, मग मोठ्याने. "खायला घातलंस मला ते! समोर बसून! सहा वर्षं त्यानंतर या खोलीत माझ्या समोर बसलीस, एकदा नाही तोंड उघडलंस! दुनियेला घाटावर उभं राहून शिव्या घालायचीस, कारभाऱ्याला घालायचीस, पाद्रीबाबाला घालायचीस, आणि मला? मला बदक? घालायच्यास मलाही शिव्या! डोक्यात थापी घालायचीस! ठेव म्हणे. ठेव! माणसाने काय समजायचं? ठेव म्हणजे बाजूला ठेव, जेवायला बस, असंच समजणार माणूस! 'विकू नकोस' हे दोन शब्द जड झाले तुला? आणि कापायला सांगतेस? माझ्या कागदाला हात लावायचा अधिकार कुणी दिला तुला? झोपलेली होतीस म्हणून काय झालं? चांगली दिसत होतीस! तुला काय कळतं त्यातलं, तुला पीळ कळतो! मी आयुष्यात एक चेहरा काढला, एक, बाकी सगळे दगड, आणि तो एक तू चुलीत घातलास! आणि वर मेलीस! आता कुठे बघू मी? सांग! कुठे बघू?"

आणि ती त्याला दिसत होती. टेबलापलीकडे, कोपरं टेकून, मुठींवर हनुवटी. झोपलेली नव्हे, जागी, टक्क जागी, भुवया चढलेल्या, एकीकडे ओढलेलं नाक फुरफुरत असलेलं, खालच्या ओठाची ती चीर हसू दाबताना ताणलेली. सगळं जागच्या जागी. बोल, बोल, अजून काय काय म्हणायचंय ते एकदाचं बोलून घे, मग मी सांगते तुला, अशा थाटात बसलेली. त्याचा हात खिशाकडे गेला, पेन्सिलीच्या तुकड्याला लागला, आणि चटका बसल्यासारखा त्याने हात बाहेर काढला. नाही. खाली कागदाकडे बघितलं तर संपलं. "बघतेस काय अशी!" तो ओरडला. "उत्तर दे! मापाला पगार विचारायचीस ना? मला एकदा सरळ विचारायचंस, अरे, तू माझ्याकडे बघतोस का? एवढं विचारायचंस! मी हो म्हटलं असतं! खोटं बोललो असतो, पण बघायला तरी लागलो असतो!"

भिंतीवर पलीकडून टकटक झाली. शेजारच्या खोलीत राहणारी विधवा मादाम ओब्रे, टोप्या शिवणारी. तीन वर्षांत तिने या खोलीतून खुर्ची सरकल्याचाही आवाज कधी ऐकला नव्हता. "मोस्यो व्होत्रेल! अहो, काय झालं? कुणाशी भांडताय एवढं?"

"बायकोशी!" आन्सेल्मने मान न वळवता सांगितलं, आणि पेरिन नजर काढून घ्यायच्या आत लगेच पुढे सुरू केलं.